गेअर काढलेल्या सायकलचं कूळ

गेअरवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, दोन-चार पावसाळ्यांत ‘सिंगल’ होऊन फिरू लागली की लोक तिची कीव करतात. मालकाला झेपली नाही, हा त्यातला टोमणा. तिचं कूळ तपासलं तर तो टिकत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत तरुण मंडळी ज्या सायकली डोंगरावरून सोडायची, त्या १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जाडजूड सायकली होत्या. त्यांना गेअर एकच आणि ब्रेक हबमध्ये, पॅडल उलटं दाबून लागणारा. उतारावर हब इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं. ते खाली पोचल्यावर नव्याने भरावं लागे, म्हणून १९७६ पासूनच्या तिथल्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. या सायकलींवर जास्तीचे गेअर चढले ते सायकल ढकलत वर न्यावी लागू नये म्हणून. म्हणजे गेअर हे चढाचं उत्तर आहे, आणि इकडे वर्ध्याहून सेवाग्राम, देवळी किंवा हिंगणघाटला जाताना तो प्रश्न फारसा पडतच नाही.

पण नुसत्या कुळाने सायकल सिंगल होत नाही, ती होते आट्यांमुळे. स्वस्त गेअरच्या सायकलींत मागचा सात चकत्यांचा सेट हबवर आट्यांनी बसतो, आणि दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं फ्रीव्हीलही त्याच आट्यांवर बसतं. म्हणून शहरातून सुटा भाग मागवायची गरज पडत नाही. पुढे ४२ दाते ठेवून मागे १८ चं फ्रीव्हील लावलं, तर २६ इंची चाकाची सायकल पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण ४.८ मीटर जाते. काळी सायकल ४४-१८ वर सुमारे ५.४ मीटर जाते, म्हणजे ही तिच्याहून हलकीच चालते. खरी कारागिरी पुढे आहे. चेन सरळ रेषेत यावी म्हणून एक्सलवरचे वायसर इकडचे तिकडे करायचे आणि एका बाजूचे स्पोक सैल, दुसरीकडचे घट्ट करून रिम मधोमध आणायची. फ्रेममधली चाकाची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर ताण देणारी पुली लागतेच, आणि नेमकी तीच वगळल्याने बरेच सिंगल चेन पाडत फिरतात.

गेअर नीट लावून घेतला तर काढावा कशाला, असा आक्षेप येईल. डांबरी रस्त्यापुरता तो बरोबर आहे. पण खरिपात काळ्या मातीचा चिखल मागच्या दोन पुल्यांत भरला की चेन अडकते, गेअरचा हात वाकतो आणि एखाद्या दिवशी स्पोकमध्ये जातो. वर्धा म्हटलं की गांधी येणारच, तेव्हा सांगून टाकतो: १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी लाखाचं बक्षीस जाहीर झालं, त्यात वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये अशी अट होती. या सायकलींना तोच निकष लावावा. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा, की एकाच गेअरवर चढताना त्यांवर ताण येतो, आणि तो मला मान्य आहे. टूर द फ्रान्सचे जनक देग्रांज यांना गेअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटे, त्यामुळे त्या शर्यतीत गेअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तो हट्टच होता. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात किंवा कारंजा-आष्टीच्या चढांवर रोज जाणाऱ्याने गेअर काढू नये. बाकीच्यांनी काढला तरी जुना सेट भंगारात देऊ नये. आटे तेच आहेत, तो पुन्हा बसतो.