दाराबाहेर कोण आहे?

१९०९ सालचा जून महिना. न्यूयॉर्कमधल्या एका निकलोडियनच्या, म्हणजे स्वस्तातल्या छोट्या सिनेमाघराच्या, दारात तुम्ही पाच सेंट मोजता आणि आत शिरता. लाकडी बाकं, चिरुटाचा वास, कोपऱ्यात पियानो बडवणारा एक पोरगा. शेजारी कपड्यांच्या कारखान्यातून थेट आलेल्या दोन मुली बसल्या आहेत. युरोपातून येऊन त्यांना फार दिवस झालेले नाहीत. इंग्रजी बेताचंच येतं, पण या मूकपटांना भाषा लागत नाही.

सिनेमा आहे डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द लोनली व्हिला'. चोरांनी खोटा निरोप धाडून घरधन्याला बाहेर काढलंय. घरात बायको आणि तीन मुली. दारावर धक्के बसू लागतात, तशा आतल्या चौघी टेबलं-खुर्च्या दाराला लावतात. तिकडे नवऱ्याची मोटार वाटेत बंद पडते. तो घरी फोन लावतो, आत काय चाललंय ते त्याला कळतं आणि नेमकी तेव्हाच चोर तार तोडतात. पडद्यावर घर, मग नवरा, पुन्हा घर, पुन्हा नवरा. शेजारच्या मुलीने तुमचं मनगट घट्ट धरलंय आणि तिच्या ते लक्षातही नाही. दहा-बारा मिनिटांच्या या फितीत पन्नासावर तुकडे जोडलेले आहेत. दाराबाहेर कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, मदत किती लांब आहे हेही ठाऊक आहे, पण तुमच्या हातात काहीच नाही. पुढच्या शंभर वर्षांचे गुन्हेपट याच असहायतेवर पोसले जाणार आहेत.

बाहेर पडताना एक नाव ध्यानात ठेवा. ही गोष्ट लिहिली मॅक सेनेटने. हा कॅनडात जन्मलेला गडी बायोग्राफ कंपनीत पडेल ते काम करतो. नट म्हणून उभा राहतो, गोष्टी विकतो आणि ग्रिफिथ काय करतो ते सतत बघत राहतो.

आता चार वर्षं पुढे आणि अख्खा देश ओलांडून पलीकडे या. १९१३, लॉस एंजेलिसचा एडनडेल भाग. सेनेटने आदल्या वर्षी स्वतःची कंपनी काढली आहे, कीस्टोन. इथला एक छोटा सिनेमा बघा, 'द बँगव्हिल पोलीस'. शेतावरच्या घरात नायिका मेबल नॉर्मंड एकटी आहे. गोठ्यात कुणाची तरी कुजबुज ऐकून ती घाबरते आणि पोलिसांना फोन करते. पोलिसांची खटारा गाडी धूर ओकत, धडाधड आवाज काढत निघते. तोवर मेबलने दार आतून दाबून धरलंय आणि बाहेरून ते ढकलणारे आहेत तिचेच आई-बाप. गोठ्यात झालं काय होतं? गाय व्याली होती.

हे सगळं तुम्ही आधी पाहिलेलं आहे. एकटं घर, दाराला लावलेलं सामान, फोन, धावत येणारी मदत. चार वर्षांपूर्वी तुमचं मनगट धरलं गेलं तो हाच प्रसंग, आणि आता थिएटरात माणसं हसून बेजार झाली आहेत. सेनेटने एकच गोष्ट बदलली. दाराबाहेर चोर नाहीत हे त्याने आपल्याला आधी सांगून टाकलं.

इथे कॅमेऱ्यामागे क्षणभर थांबा, कारण कीस्टोनच्या पोलिसांचा तो पडद्यावरचा वेग कुठून येतो ते इथल्या कॅमेरामनच्या मनगटात आहे. कॅमेरा हाताने चालतो, मूठ फिरवली की फीत सरकते. पाठलाग आला की तो मूठ मुद्दाम सावकाश फिरवतो. समजा सेकंदाला सोळा चित्रं घ्यायची तिथे बाराच घेतली आणि थिएटरात ती नेहमीच्या चालीने दाखवली, तर माणसं जमिनीला पाय न लावता धावल्यासारखी दिसतात. पोलीस, म्हणजे ज्याला बघून कालपरवा बोटीतून उतरलेला मजूर अंग चोरतो तो माणूस, सेनेटच्या हातात पडला की चिखलात लोळतो. गरीब प्रेक्षकाला आणखी काय हवं होतं?

पुढचं दशक मी तुम्हाला भरभर ओलांडायला लावणार आहे, पण १९२४ च्या 'शरलॉक ज्युनियर'पाशी थांबलंच पाहिजे. सिनेमा दाखवणारा एक गरीब ऑपरेटर यंत्रापाशीच झोपी जातो आणि स्वप्नात समोरच्या पडद्यात शिरून डिटेक्टिव्ह होतो. ऑपरेटर आहे बस्टर कीटन. रेल्वेच्या टाकीचा नळ सुटून पाण्याचा लोट त्याच्या अंगावर कोसळतो, तो रुळांवर आपटतो, उठतो आणि धावत सुटतो. त्या आपटण्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते कळलं कितीतरी वर्षांनी, डॉक्टरांनी दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा. दृश्य सिनेमात तसंच आहे. मला ते बघताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

१९३२. आता पडदा बोलतो, आणि तुम्ही मशीनगनचा आवाज ऐकताय. नट पॉल मुनीचा गुंडपट 'स्कारफेस' सेन्सॉरवाल्यांशी झगडून एकदाचा झळकला आहे. आवाज आल्याने गुन्हेपटाचं रूपच पालटलं. गाड्यांचे ब्रेक, फुटणाऱ्या काचा आणि रस्त्यावरची रांगडी बोली. भिंतीला टेकून नाणं उडवणाऱ्या त्या गुंडाकडे नीट बघून ठेवा. तो जॉर्ज राफ्ट. थोबाडावरची रेघही न हलवता तो नाणं वर फेकतो आणि न बघता झेलतो. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

'स्कारफेस'चं दिग्दर्शन हॉवर्ड हॉक्सचं आणि लेखनात मुख्य हात बेन हेक्टचा. हेक्ट शिकागोत बातमीदार होता. खून, कोर्ट, फाशी हा त्याचा रोजचा व्यवहार. त्याच शिदोरीवर त्याने चार्ल्स मॅकआर्थरबरोबर १९२८ मध्ये 'द फ्रंट पेज' हे नाटक लिहिलं. त्यात फासावर जायचा माणूस पळतो आणि पत्रकार त्याला आपल्या खोलीतल्या टेबलात दडवून ठेवतात, बातमी दुसऱ्याला मिळू नये म्हणून. नाटक धमाल विनोदी आहे. १९४० मध्ये त्याच हॉक्सने त्यावर 'हिज गर्ल फ्रायडे' काढला. संवाद एकमेकांवर आदळताहेत, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मशीनगनचा वेग त्याने माणसांच्या तोंडी दिला, असं मला हा सिनेमा बघताना दर वेळी वाटतं.

मधल्या काळात, १९३४ च्या जुलैपासून, हॉलिवूडची सेन्सॉरी सांभाळणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कचेरीने निर्मात्यांवर नीतिनियमांची संहिता कडकपणे लादली. गुन्हेगाराचा रुबाब दाखवायचा नाही, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे. गुंडांच्या सिनेमाची हवाच गेली. पण मे महिन्यात 'द थिन मॅन' येऊन गेला होता आणि त्याने पळवाट दाखवून ठेवली होती. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय, हसत-खिदळत, एकमेकांना टोमणे मारत खुन्याचा माग काढणारं नवरा-बायकोचं जोडपं. शेवटी सगळ्या संशयितांना जेवायला बोलावून टेबलावरच खुनी उघडा पाडायचा. खून तर हवा, पण त्याचा मोह दिसता कामा नये, तेव्हा विनोद मदतीला धावला. त्या जोडीचे पुढे आणखी पाच सिनेमे निघाले.

आता टीव्ही. १९५१ सालच्या शरद ऋतूत हॉलिवूडच्या एका स्टुडिओत तुम्ही प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसला आहात. समोर नाटकासारखं मांडलेलं घर आणि तीन कॅमेरे एकाच वेळी फिल्मवर चित्रण करताहेत. ही 'आय लव्ह ल्यूसी'. वर बघा, दिवे छताला टांगलेत, जमिनीवर एकही नाही. ही रचना बसवणारा लठ्ठ, चष्मेवाला म्हातारा म्हणजे कार्ल फ्रॉइंड. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' टिपणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेत 'ड्रॅक्युला'चा छायाचित्रकार, आणि तीनच वर्षांपूर्वी 'की लार्गो' या गुन्हेपटात वादळी रात्रीच्या सावल्या टिपणारा. सावल्यांवर हयात घालवलेल्या या माणसाला इथे एकही सावली नको आहे. कारण नायिका ल्यूसिल बॉलने तोंड वाकडं केलं त्याच क्षणी नवऱ्याचा चेहराही दिसायला हवा. तीन कॅमेरे, तीन कोपरे आणि पायऱ्यांवरचे खरेखुरे प्रेक्षक. ते दुसऱ्यांदा तसंच हसणार नाहीत, म्हणून दिवे बदलायला थांबता येत नाही. घरगुती विनोदी मालिकांनी पुढे कित्येक दशकं याच मांडणीवर काम केलं.

'ल्यूसी'चा पहिला भाग दिसला १५ ऑक्टोबर १९५१ ला. बरोबर आठ वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९५९ ला, 'द अनटचेबल्स' ही मालिका सुरू झाली. शिकागोतली दारूबंदी, तिचा अंमलदार एलियट नेस, दर आठवड्याला गोळीबार. काढली कुणी? देसिलू कंपनीने. ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांची ती कंपनी 'ल्यूसी'च्या जोरावरच उभी राहिली होती. अमेरिकेला खळखळून हसवून मिळवलेल्या पैशावर टीव्हीतला त्या काळचा सर्वांत हिंसक गुन्हेगारी कार्यक्रम उभा राहिला.

त्याच काळात, १९५८ मध्ये, बिली वाइल्डरच्या सेटवर चला. याने १९४४ मध्ये 'डबल इंडेम्निटी' केला होता, विम्याच्या पैशासाठी नवऱ्याचा काटा काढणाऱ्या बाईची आणि तिच्या साथीदाराची काळीकुट्ट कथा. आता तो 'सम लाइक इट हॉट' करतोय. सुरुवात शिकागोतली, शवपेटी नेणाऱ्या गाडीवर पोलिसांच्या गोळ्या आणि पेटीतून गळणारी दारू. मग गॅरेजमध्ये भिंतीला उभं करून टिपलेली माणसं, १९२९ च्या व्हॅलेंटाइन दिनाच्या हत्याकांडावर बेतलेली. रक्त आणि हशा एकत्र चालणार नाहीत, असं वाइल्डरला जाणत्या निर्मात्यांनी बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही, आणि बरोबर तेच केलं असं माझं ठाम मत आहे. ते हत्याकांड खरं वाटतं, म्हणूनच साक्षीदार झालेले दोन वादक बायकांच्या वेषात का पळतात हे पटतं. जिवाची भीती काढून टाका, उरतो फक्त साडी-चोळीतला जुना पोरखेळ.

त्या दोन वादकांपैकी एक झालेला जॅक लेमन आत्ता काय करतोय ते जवळून बघा. रात्रभर नाचून आलेला हा 'डॅफ्नी' पलंगावर पडलाय, हातात माराका, म्हणजे लॅटिन वाद्यवृंदातले खुळखुळे. आपलं लग्न ठरल्याचं तो मित्राला सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर खुळखुळे वाजवत ठेका धरतो. हे वाइल्डरने मुद्दाम दिलंय. थिएटरात या वाक्यांवर हशा फुटणार आणि पुढचं वाक्य त्यात बुडणार, हे त्याला चित्रीकरणाच्या वेळीच ठाऊक आहे. म्हणून हसायला लागणारा वेळ त्याने आधीच मोजून सेटवर भरून ठेवला. 'डबल इंडेम्निटी'त खून करून परतताना गाडी सुरूच होत नाही आणि तो क्षण वाइल्डर ताणत नेतो, तिथेही त्याने असाच वेळ मोजला होता.

आणि हो, राफ्ट. तो इथे गुंडांचा म्होरक्या आहे. एक पोरगा भिंतीला टेकून नाणं उडवतोय. राफ्ट ते हवेतच पकडतो आणि ही स्वस्तातली सवय कुठून उचललीस म्हणून त्याला झापतो. २७ वर्षांपूर्वी ज्या नाण्याने थिएटरं गप्प केली, त्यावर आता अख्खं थिएटर हसतं.

शेवटी मुंबईत उतरा, कारण हेच सगळं इथे थोड्या वर्षांत, हाकेच्या अंतरावर घडलं. 'जाने भी दो यारों', १९८३. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कुंदन शाहचा पहिला सिनेमा, एनएफडीसीच्या तुटपुंज्या पैशांतला. कमिशनर डिमेलोचा खून झालाय आणि त्याचं प्रेत साडी नेसून महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभं आहे. प्रेत झालेल्या सतीश शाहने एकही पापणी हलवायची नाही, बाकीच्यांनी त्याला ओढायचं. तुम्ही विंगेत उभे राहून हसताय आणि विसरताय की ही खुनाची गोष्ट आहे. मग शेवट येतो, सिनेमाचे दोन नायक, निरपराध फोटोग्राफर, कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर येतात, आणि हसू घशातच अडकतं. आपल्याकडे इतक्या धारदारपणे हे पुन्हा क्वचितच जमलं.

त्या प्रेताला दूरदर्शनने पुढच्याच वर्षी जिवंत केलं. 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह जवळजवळ दर भागात नवा माणूस होऊन यायचा. सिनेमातला खुनी बिल्डर तर्नेजा, म्हणजे पंकज कपूर, १९८५ मध्ये गाजर चावत 'करमचंद' जासूस झाला.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते संकलनाच्या खोलीत, रेणू सलुजाच्या टेबलापाशी. 'जाने भी दो यारों' तिने कापला होता. १९८९ मध्ये त्याच टेबलावर 'परिंदा' आहे, मुंबईच्या टोळ्यांचा सिनेमा. छायाचित्रण दोन्हींचं बिनोद प्रधानचं. 'परिंदा'चा दिग्दर्शक विधू विनोद चोप्रा 'जाने भी दो यारों'च्या निर्मितीत राबला होता. द्रौपदीच्या वस्त्रहरणातला गोंधळ नेमका कुठे तोडायचा हे ज्या हातांना कळलं, तेच हात आता टोळीचा म्होरक्या अण्णा याच्या भीतीचे तुकडे जोडताहेत. या कामासाठी सलुजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अण्णा झालेल्या नाना पाटेकरलाही मिळाला. आगीला घाबरणारा तो गुंड बघून मराठी प्रेक्षकही हादरले होते.

आणखी अठरा वर्षं पुढे, २००७, 'वेलकम'. पडद्यावर नाना पाटेकर पुन्हा डॉन आहे, उदय शेट्टी, आणि या डॉनला सिनेमात हिरो व्हायचंय. तुमच्या मागच्या रांगेतला माणूस हसून हसून पुढच्या खुर्चीवर आपटतोय.