तुलनेच्या चिन्हाची दोन घराणी

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज. साताऱ्याच्या या पूर्व पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पैसेवारी म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पीककापणीवरून गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा पैशांतला अंदाज, निघते. ती ५० पैशांच्या खाली गेली की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी अशी दारे उघडतात. एवढा मोठा निर्णय एका तुलनेवर टांगलेला असतो : डावीकडे गावाचा आकडा, उजवीकडे ५०, मध्ये एक चिन्ह. आकडा दरवर्षी बदलतो, पण निकषही स्थिर राहत नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर राज्याने २०१७ मध्ये पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, मातीतील ओलावा अशी नवी मोजमापे स्वीकारली. अशा नियमांवर चालणारी संगणक प्रणाली लिहायची, तर उंबरठा आणि चिन्ह दोन्ही प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवता येत नाहीत, नियमांच्या तक्त्यातून आयत्या वेळी घ्यावी लागतात. अशा वेळी हाताशी सर्वांत आधी लागणारे हत्यार म्हणजे इव्हॅल. डावा आकडा, चिन्ह आणि उजवा आकडा जोडून एक वाक्य करायचे आणि ते भाषेलाच चालवायला सांगायचे. माझे म्हणणे असे की हे हत्यार मुळात या कामाचे नाहीच. या कामाचे हत्यार वेगळ्या कुळातले आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही कुळे एकाच यंत्रावर वाढली.

ते यंत्र आयबीएम ७०४. ‘=’ हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापले आणि ‘<’, ‘>’ ही थॉमस हॅरियटच्या १६३१ च्या मरणोत्तर ग्रंथात आली, पण ती कागदावरची. पहिले घराणे यंत्रातले : ७०४ मध्ये दोन संख्यांची तुलना करणारी एक आज्ञा होती. तिची उत्तरे तीनच : मोठी, समान, लहान. प्रत्येक उत्तरासाठी पुढची वाट वेगळी. १९५७ च्या फोरट्रान भाषेतले ‘इफ’ याच वळणाचे होते. वजाबाकी ऋण आली, शून्य आली की धन, त्यावरून तीनपैकी एका ओळीवर उडी. पुढे फोरट्रानमध्ये .एलटी., .जीटी. अशी अक्षरी चिन्हे आली, कारण पंचकार्डांच्या तेव्हाच्या अक्षरसंचात ‘<’ नव्हतेच. दुसरे घराणे लिस्प या भाषेचे. जॉन मॅकार्थीच्या १९६० च्या निबंधात इव्हॅल होते ते सिद्धांत म्हणून, भाषेची व्याख्या त्याच भाषेत मांडण्यासाठी. स्टीव्ह रसेलने ते हाताने यंत्रभाषेत उतरवायचे ठरवले, तेव्हा तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस, असे मॅकार्थीने त्याला सुनावले होते. रसेलने ते ७०४ वर चालवून दाखवले.

तिथे इव्हॅल निरुपद्रवी होते, कारण वाक्य लिहिणारा आणि ते चालवणारा एकाच प्रयोगशाळेतला, बहुधा एकच माणूस. पर्ल, जावास्क्रिप्ट, पीएचपी या भाषांमधून इव्हॅल वेबवर आले आणि हे नाते तुटले. आता वाक्याचा एखादा तुकडा फॉर्म भरणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा असतो. चिन्हाच्या जागी त्याने फाइल पुसण्याची आज्ञा धाडली, तर सर्व्हर तीही तितक्याच निष्ठेने पाळील. यावर एक उत्तर असे देतात की आधी घातक अक्षरे गाळून घेऊ. गाळणी विणायची तर घातक काय काय असू शकते याची पूर्ण यादी हवी, आणि ती कोणाकडेच नाही. पीएचपीने स्वतःच या वाटेवरून पाय मागे घेतले. मजकूर बदलताना कोड चालवणारी ‘ई’ खूण ७.० मध्ये गेली. क्रिएट-फंक्शन आणि वाक्य चालवणारा असर्ट ८.० मध्ये, २०२० साली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नियम तर आपलाच अधिकारी लिहितो, मग भीती कोणाची? पण नियम राहतो डेटाबेसमध्ये. ज्याला तिथली एक ओळ बदलता आली, त्याला इव्हॅलमुळे सबंध सर्व्हरच हाती लागतो. अधिकारी विश्वासू असला म्हणून त्याच्या नावावरची ओळ विश्वासू ठरत नाही.

पहिल्या घराण्याची रीत याच्या उलट. पीएचपी ७ मध्ये २०१५ साली पर्लकडून ‘<=>’ हे चिन्ह आले. ते उणे एक, शून्य किंवा एक एवढेच देते, म्हणजे ७०४ ची तीन उत्तरे जशीच्या तशी. मग एक छोटा तक्ता पुरतो : ‘<’ साठी उणे एक मान्य; ‘<=’ साठी उणे एक आणि शून्य; ‘!=’ साठी उणे एक आणि एक. बाहेरून आलेले चिन्ह कधीच चालवायचे नाही, तक्त्यात शोधायचे. सापडले नाही तर नियमच नाकारायचा. आवृत्त्या ताडून पाहणारे पीएचपीचे व्हर्शन-कंपेअर असेच वागते. त्याला चिन्ह मजकूर म्हणून देता येते, पण ठरलेल्या यादीतलेच, आणि त्या यादीत ‘एलटी’, ‘जीटी’ अजून नांदतात. नियमात ‘आणि’, ‘किंवा’, कंस आले तर तक्ता अपुरा पडेल, हे खरे. पण तेवढ्यासाठी पूर्ण भाषा लागत नाही. डायक्स्ट्राने १९६१ मध्ये मांडलेल्या शंटिंग-यार्ड पद्धतीने असले छोटे व्याकरण सोडवता येते, आणि त्या व्याकरणात फाइल पुसण्याला शब्दच नसतो.

तरीही तक्ता बसवला म्हणजे निर्धास्त झालो असे मात्र नाही. इव्हॅल काढले की चोर बाहेर राहतो; चुकीचे उत्तर आतच असते. ज्या गावाचा आकडा आलेलाच नाही, तिथे डाव्या बाजूला नल, म्हणजे रिकामी किंमत, असतो. पीएचपी नल आणि ५० या दोहोंना खरे-खोटे समजून ताडते, आणि न आलेला आकडा लहान ठरतो. गाव मुकाट्याने टंचाईग्रस्त. आपल्याकडची खास अडचण अंकांची. कोणी देवनागरीत ‘६०’ टाइप केले तर पीएचपी ७ त्याला शून्य धरते, म्हणून गाव यादीत येते. पीएचपी ८ अशा वेळी दोन्ही बाजू मजकूर म्हणून ताडते, आणि देवनागरी अंक इंग्रजी अंकांपेक्षा नेहमीच वरचढ ठरतात. त्यामुळे ‘४२’ पैसेवारीचे गावही यादीबाहेर. सर्व्हरवरच्या पीएचपीची आवृत्ती बदलली एवढ्यावरून तालुक्याचा निकाल फिरू शकतो. म्हणून तुलनेच्या आधी अंक रूपांतरित करायचे, संख्या आहे याची खात्री करायची आणि रिकाम्या जागेला ‘माहिती अप्राप्त’ असे चौथे उत्तर द्यायचे. बरोबर ५० आले तर ‘<’ लावायचे की ‘<=’, हे मात्र शासन निर्णयात वाचावे लागेल; ते प्रोग्रॅमरने ठरवायचे नाही.