एक मुख, अनेक कुलुपें

चांदा शहरास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, दोन रेल्वेस्थानकें आहेत. एक वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या थोरल्या मार्गावरचें; दुसरें ‘चांदा फोर्ट’ या नांवाचें, गोंदियाहून वडसा-नागभीडवरून येणाऱ्या फांट्याचें. हा फांटा बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानींत अरुंद रुळांचा घातला गेला. थोरल्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट, धाकट्याच्या रुळांमधील अडीच फूट. त्यामुळें वडशाकडून भात भरून निघालेला डबा चांद्यापर्यंत येई आणि तेथें त्याची धांव खुंटे. माल पुढें मद्रासेस वा दिल्लीस न्यावयाचा तर पोतीं उतरवून दुसऱ्या डब्यांत चढविणें आलेंच. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हा फांटा रुंद करण्यांत आला आणि ही दगदग संपली. तथापि रुळांमधील अंतर सारखें झाल्यानें दोन मार्ग सारखे होतात असें नाहीं. रूळ किती वजनाचे, पूल किती बळकट, सिग्नल कसे, यांवर गाडीचा भार आणि वेग ठरतो. आणि या गोष्टी उतारूच्या दृष्टीस पडत नाहींत.

हा दाखला येथें घेण्याचें कारण असें कीं, हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत असलेल्या मोबाईलच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे. वीज भरण्याचें मुख एकसारखें झालें. त्या मुखांतून किती वीज आणि किती मजकूर जाऊं द्यावयाचा याच्या किल्ल्या मात्र बनविणाऱ्यांनीं आपल्या हातीं ठेवल्या.

प्राणहितेच्या खोऱ्यांतील अहेरीस रेल्वे नाहींच. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतील एका मोठ्या जमीनदारीचें हें ठिकाण. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां तें त्यांत गेलें. सागाच्या वनांतून आलापल्लीवरून येणारी सडक हाच तेथला मुख्य राबता. मोबाईल मात्र तेथें पोहोंचला आहे. अहेरीच्या पलीकडे भामरागडास पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं वाट बंद होते, आणि अशा दिवसांत विजेचाहि भरंवसा नसतो. तासभर वीज आली तर त्या तासांत मोबाईल किती भरेल, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या घरांत सोयीचा असेल; तेथें तो वैद्यास निरोप पोहोंचण्या-न-पोहोंचण्याचा आहे.

आरंभीं प्रत्येक कंपनीचें छिद्र निराळें होतें. नोकियाची बारीक गोल पिन, सोनी एरिक्सनची चपटी. घरांत चार मोबाईल असले तर चार चार्जर. संगणकांच्या जगांतील असाच गोंधळ १९९६ सालीं यूएसबीनें आवरला. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदि सात कंपन्यांनीं मिळून केलेलें तें काम. इंटेलच्या बाजूनें त्यांत बडोद्याच्या विद्यापीठांत शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वांटा होता. पुढें २००६ सालीं चीननें चार्जरच्या टोकाला यूएसबीचें मुख असावें असा दंडक केला. २००९ सालीं युरोपीय आयोगानें मोठ्या कंपन्यांकडून मायक्रो-यूएसबीविषयीं करार करून घेतला. त्या करारांत जोडपिनेची सवलत होती. अॅपलनें तिचा आधार घेऊन आपलें छिद्र निराळें तें निराळेंच ठेविलें, आणि २०१२ सालीं ‘लाइटनिंग’ नांवाचें नवें छिद्र काढून तारेच्या टोकांत ओळख पटविणारी चिप बसविली.

येथें विजेच्या व्यवहाराची एक खुबी समजून घेतली पाहिजे. जुन्या यूएसबींत चार तारा असत. दोन विजेच्या, दोन मजकुराच्या. मोबाईलला आपण संगणकास जोडलेलों आहों कीं भिंतींतील चार्जरास, हें मजकुराच्या तारांवरून ओळखावें लागे. संगणकाकडून अडीच वॅटपर्यंतच घ्यावयाचें, चार्जरकडून अधिक, असा नियम. चीनच्या नियमानें चार्जरमध्यें त्या दोन तारा एकमेकींस जोडल्या. तीच चार्जरची खूण. अॅपलनें मात्र त्या तारांवर ठराविक दाब ठेवून आपली खूण निराळी केली. मुख तेंच, वीज तीच. खूण पटली नाहीं तर भरणी मंद! कुलूप मुखावरून उचलून आंत बसविण्याची कला ती हीच.

२०१४ सालीं टाइप-सी आलें. उलटें-सुलटें कसेंहि घातलें तरी बसणारें, चोवीस स्पर्शबिंदूंचें हें मुख खरोखर उत्तम आहे. त्यांत संभाषणासाठीं निराळी तार आहे. आपण काय देऊं शकतों हें चार्जर सांगतो. आपणांस काय हवें हें मोबाईल सांगतो. या संभाषणाची सर्वांस खुली भाषा म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’. तिनें प्रथम १०० आणि २०२१ पासून २४० वॅटपर्यंत वीज नेतां येते. परंतु त्याच २०१४ सालीं ओप्पोनें ‘वूक’ ही आपली खाजगी भाषा काढली, आणि २०१६ सालीं वनप्लसनें तीच ‘डॅश’ या नांवानें विकली. आपला चार्जर आणि आपलीच तार एकमेकांस ओळखतील तर मोबाईल झपाट्यानें भरतो. परकी तार लावली तर सामान्य गतीनें. जाहिरातींत आंकडा छापला जातो तो पहिल्या प्रकारचा.

आपल्या घरांतील जुन्या गोल पिनांची व्यवस्था यापेक्षां प्रामाणिक म्हणावी लागेल. पांच अँपियरचें छिद्र लहान, पंधराचें मोठें; इस्त्रीची जाड पिन दिव्याच्या छिद्रांत जातच नाहीं. छिद्राचा आकारच त्याचें बळ सांगतो. टाइप-सीनें आकार एक केला, आणि बळ ओळखण्याची ही सोपी खूण त्याबरोबर गेली.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. लिथियमची बॅटरी तापली तर तिचें आयुष्य घटतें, प्रसंगीं आगहि लागते. २०१५ सालीं गूगलमधील अभियंता बेन्सन लंग यांनीं बाजारांतील टाइप-सी तारा एकामागून एक तपासल्या, तेव्हां कित्येकींत चुकीच्या मोलाचा रोधक आढळला. अशी तार मोबाईलला खोटें आश्वासन देऊन चार्जरवर झेपणार नाहीं इतका भार टाकते. पुढें एका सदोष तारेनें त्यांचा स्वतःचा संगणक निकामी झाला. सबब दक्षता हवी हें खरें. पण दक्षतेसाठीं खुली भाषा असतांना खाजगी भाषेचा आग्रह कशासाठीं, याचें उत्तर चार्जर विकणाऱ्या दुकानांत मिळतें.

मजकुराच्या वेगाची कथा याहून उघड आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें अॅपलनें आयफोन १५ मध्यें टाइप-सी स्वीकारलें. तत्पूर्वीं कित्येक महिने अशी वार्ता होती कीं, परक्या तारांना ही कंपनी वेग नाकारील. युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांनीं तिला ताकीद दिल्याचेंहि प्रसिद्ध झालें. तसें कांहीं घडलें नाहीं. कोणतीहि चांगली तार चालते. पण साध्या आयफोन १५ चा मजकूरवेग सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे २००० सालच्या यूएसबीचाच ठेवला गेला, आणि महाग ‘प्रो’ जातीस १० गिगाबिटांपर्यंत मुभा मिळाली. त्यांतहि पेटींत दिलेली तार संथ. वेग हवा तर दुसरी तार विकत घ्यावी. दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारीं ठेवले तर मुखांत तिळमात्र फरक दिसत नाहीं.

युरोपानें २००९ चा धडा या वेळीं लक्षांत ठेविलेला दिसतो. नोव्हेंबर २०२२ चा आदेश २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलांस लागू झाला. लॅपटॉपांसाठीं २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांत केवळ मुखाचा आकार सांगून आयोग थांबला नाहीं. पांच व्होल्ट, तीन अँपियर किंवा पंधरा वॅट यांच्या वर वीज घेणाऱ्या यंत्रास पॉवर डिलिव्हरीची भाषा आलीच पाहिजे, आणि खाजगी भाषा ठेवली तरी तिनें खुल्या भाषेच्या आड येतां कामा नये, असें त्यांत लिहिलें आहे. यंत्र किती वॅट घेतें हेंहि खोक्यावर छापावें लागतें. मजकुराच्या वेगाविषयीं मात्र तो आदेश मौन पाळतो. तो आहे भरणीपुरताच. भारतांत नोव्हेंबर २०२२ मध्यें ग्राहक-व्यवहार विभागानें बोलाविलेल्या बैठकींत टाइप-सीवर एकमत झालें, आणि भारतीय मानक ब्यूरोनें त्याचें मानकहि प्रसिद्ध केलें. अहेरीच्या बाजारांत चार्जर घेणाऱ्यास मुख जुळतें कीं नाहीं हें आतां विचारावें लागत नाहीं; तो कोणती भाषा बोलतो आणि किती वॅट देतो, हें त्याच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांतून वाचावें लागतें.