सम्टरचे चौतीस तास आणि खान्देशचा कापूस

१२ एप्रिल १८६१. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, चार्ल्सटन बंदरात, पहाटे साडेचारला एक तोफगोळा सुटला आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. सूर्याच्या हिशोबाने त्या क्षणी जळगावात दुपारचे तीन वाजायला आले होते. प्रमाणवेळ तेव्हा अमेरिकेतही नव्हती आणि हिंदुस्थानातही. खालच्या नोंदींत जळगावची वेळ रेखांशाच्या फरकावरून काढून दिली आहे.

खान्देश तेव्हा एकच जिल्हा होता आणि त्याची कलेक्टर कचेरी धुळ्याला होती. चैत्र नुकताच लागला होता. या दिवसांत शेतात वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या, चुलीसाठी त्यांचे भारे बांधायचे आणि रान वखरून मृगाची वाट पाहायची. पुढच्या चार वर्षांत या रानाचे काय होणार, हे एका परक्या बंदरात ठरत होते. तिथे ठरवणाऱ्यांच्या मनात कापूसच होता, पण तो त्यांचा स्वतःचा.

भांडण जुने होते. घटकराज्ये मोठी की संघराज्य? राज्यांनी आपखुशीने करार करून देश घडवला, म्हणून करार मोडून बाहेर पडण्याचा हक्कही त्यांना आहे, असे दक्षिण म्हणे. देश सगळ्या जनतेने मिळून घडवला आहे, एका राज्याला तो फोडता येणार नाही, असे लिंकन म्हणत होते. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले. २० डिसेंबरला साऊथ कॅरोलायना फुटून निघाले आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, टेक्सास अशी आणखी सहा राज्ये गेली. जेफर्सन डेव्हिस त्यांचे अध्यक्ष झाले.

पण हा हक्क कशासाठी हवा होता, ते साऊथ कॅरोलायनाने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यातच लिहिले आहे. उत्तरेतली राज्ये पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, ही त्यातली मुख्य तक्रार. म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांनी आपल्या हद्दीत आपला कायदा चालवला, याचाच दक्षिणेला राग होता. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा केंद्राचा होता आणि तो दक्षिणेनेच आग्रहाने करून घेतला होता. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो राज्याच्या अधिकारात झुगारला, तेव्हा केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५९ मध्ये विस्कॉन्सिनला गप्प बसवले. त्या वेळी दक्षिणेला राज्यांच्या हक्कांची आठवण झाली नाही. म्हणून राज्यांचा हक्क हे या युद्धाचे कारण होते, हे मला मान्य नाही. कारण गुलामगिरी होती. हक्काची भाषा तिच्यासाठी वापरली गेली, आणि एका रास्त तत्त्वाला त्याचा डाग लागला.

८ एप्रिल, चार्ल्सटन

बंदराच्या तोंडावर सम्टर किल्ला. आत मेजर रॉबर्ट अँडरसन आणि सुमारे ८५ शिपाई-अधिकारी. भोवतालच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या तोफा. किल्ला आमच्या बंदरात आहे म्हणून आमचा, असे राज्याचे म्हणणे. तो साऱ्या देशाचा आहे, असे केंद्राचे. किल्ल्यातले धान्य संपत आले होते. लिंकन यांचा निरोप घेऊन आलेल्या माणसाने गव्हर्नर पिकन्स यांना वाचून दाखवले, की किल्ल्यावर फक्त शिधा पाठवला जाईल. तो अडवला नाही तर पूर्वसूचनेशिवाय माणसे आणि शस्त्रे पाठवली जाणार नाहीत. चेंडू असा दक्षिणेच्या हातात आला. भुकेल्या शिपायांच्या शिध्यावर गोळी झाडायची की नाही, एवढेच ठरायचे होते.

११ एप्रिल, दुपारी ३:३० (जळगाव: मध्यरात्र उलटून १:५२)

पांढरे निशाण लावलेली होडी सम्टरला लागली. तीत दक्षिणेचे सेनापती बोरेगार्ड यांचे तीन दूत होते. त्यांचे प्रमुख जेम्स चेस्नट. लिंकन निवडून येताच सिनेटची जागा सोडणारे ते पहिले दक्षिणी सदस्य. होडी दुसरे दूत चिझम यांची होती, आणि वल्ही त्यांचे गुलाम मारत होते. राज्याच्या स्वातंत्र्याचा खलिता ज्यांनी वल्हवत नेला, त्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता. या दोन दिवसांतले दुसरे काहीही विसरले तरी चालेल, ती होडी विसरू नये.

दुपारी ४:३०

अँडरसन यांनी किल्ला सोडायला नकार दिला. बोरेगार्ड हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत त्यांचे विद्यार्थी होते, तोफखान्याचेच. दूतांना निरोप देताना अँडरसन बोलून गेले की तुम्ही तोफा डागल्या नाहीत, तरी थोड्याच दिवसांत उपासमारीने आम्हाला किल्ला सोडावा लागेल. चेस्नट यांनी ते वाक्य ध्यानात ठेवले आणि बोरेगार्ड यांनी ते तारेने माँटगोमरीला, दक्षिणेच्या राजधानीला, कळवले. अँडरसन सोडण्याचा दिवस सांगत असतील तर मारा करू नका, असे तिकडून उत्तर आले. युद्ध टळण्याची एक वाट अजून मोकळी होती.

१२ एप्रिल, रात्री १२:४५ (जळगाव: सकाळचे ११ वाजून गेलेले)

दूत पुन्हा आले. या वेळी व्हर्जिनियाचे रॉजर प्रायरही बरोबर होते, पण ते होडीतच थांबले, कारण व्हर्जिनिया अजून फुटलेले नव्हते. अँडरसन आपल्या अधिकाऱ्यांशी बराच वेळ बोलत बसले.

दक्षिणेला एवढा धीर कुठून आला, हे इथेच सांगितले पाहिजे. साऊथ कॅरोलायनाचेच सिनेटर जेम्स हॅमंड १८५८ मध्ये सिनेटमध्ये बोलले होते, की कापूस हा राजा आहे आणि त्याच्याशी लढायची हिंमत जगात कोणी करणार नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेचा होता. कापूस थांबला की गिरण्यांचे लँकेशायर उपाशी मरेल आणि इंग्लंड आपल्या बाजूने मध्ये पडेल, हा दक्षिणेचा हिशोब होता. त्या हिशोबात सुरत, वऱ्हाड आणि खान्देश कुठेच नव्हते. आमचा आखूड धाग्याचा, सरकी-माती मिसळलेला कापूस त्यांच्या खिजगणतीत नव्हता. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने तो सुधारण्यासाठी १८४० च्या सुमाराला अमेरिकेतून कापूसशेतीचे जाणकार आणले होते आणि त्यांच्या हाताला फारसे यश आले नव्हते.

पहाटे ३:१५ (जळगाव: दुपारी १:३७)

अँडरसन यांचे उत्तर आले. १५ एप्रिलच्या दुपारी किल्ला सोडतो. मात्र तोवर सरकारचा दुसरा हुकूम किंवा शिधा आला नाही तर. दूतांनी ते तिथल्या तिथे नाकारले. शिध्याची जहाजे येत आहेत हे त्यांना ठाऊक होते. मदतीला निघालेले ‘बाल्टिक’ जहाज त्याच पहाटे बंदराबाहेर पोहोचले होते, पण समुद्र खवळलेला होता.

तीन दिवसांची मुदत मागितली होती. तीन माणसांनी उभ्याउभ्या ती नाकारली, वर कोणाला विचारलेही नाही.

पहाटे ३:२० (जळगाव: दुपारी १:४२)

चेस्नट यांनी लिहून दिले: एका तासाने तोफा सुरू होतील. अँडरसन यांनी निरोपाचे हस्तांदोलन केले. होडी दक्षिणेच्या ताब्यातल्या जॉन्सन किल्ल्याकडे वळली.

पहाटे ४

चार्ल्सटन शहरात मेरी चेस्नट जागी होती. दूत चेस्नट यांची ही पत्नी. तिची रोजनिशी या युद्धावरचा मोठा दस्तऐवज मानली जाते. चर्चच्या घड्याळाचे चार ठोके ऐकून तिला आशा वाटली की आता मारा होणार नाही. पुढे याच दिवसांबद्दल लिहिताना तिने घरातल्या गुलाम नोकरांचा उल्लेख केला आहे. बाहेर तोफा गडगडत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. त्यांना ऐकू येत नाही, की ते वाट पाहत आहेत, हे तिला कळेना.

पहाटे ४:३० (जळगाव: दुपारी २:५२)

जॉन्सन किल्ल्यावर कॅप्टन जेम्स यांनी पहिला गोळा डागण्याचा मान प्रायर यांना देऊ केला. त्यांना तो पेलला नाही. इशाऱ्याचा गोळा आकाशात चढला आणि सम्टरच्या माथ्यावर फुटला. मग भोवतालच्या साऱ्या तोफा सुरू झाल्या. लोक घरांच्या छपरांवर चढून पाहत होते.

सातच्या सुमाराला कॅप्टन ॲबनर डबलडे यांनी सम्टरमधून पहिले उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी किल्ल्यातल्या बराकी पेटल्या, निशाणाची काठी कोसळली आणि १३ एप्रिलच्या दुपारी अडीचला अँडरसन शरण आले. चौतीस तासांच्या माऱ्यात कोणीही मेले नाही. १४ तारखेला निशाण उतरवताना सलामीच्या तोफांत अपघात झाला आणि एक शिपाई जागीच गेला. १५ तारखेला, म्हणजे अँडरसन आपणहून निघणार होते त्याच दिवशी, लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसैनिक मागवले. व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये फुटली. पुढे सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

त्यानंतर, खान्देशात

अटलांटिकखालची तार तेव्हा बंद पडलेली होती. बातमी जहाजाने इंग्लंडला आणि तिथून आणखी काही आठवड्यांनी मुंबईला आली. लिंकन यांनी १९ एप्रिललाच दक्षिणेची बंदरे अडवण्याची घोषणा केली होती. लँकेशायर खरोखर उपाशी राहिले, पण इंग्लंड दक्षिणेच्या मदतीला धावले नाही. त्याचे एक कारण आपल्या काळ्या जमिनीत उगवत होते. कापसाचा भाव काही पटींनी चढला. अमेरिकेच्या युद्धाच्या काळात जळगाव कापसाची मोठी पेठ झाले, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. कापसात सरकी-माती घालणाऱ्यांविरुद्ध मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचे बियाणे खान्देशात आणून पेरायला लावले. १८६५ च्या आरंभी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि खान्देशची रुई थेट मुंबईला जाऊ लागली. युद्धाच्या या वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा त्या काळचा अंदाज आहे.

सारा वसूल करणारे, बी ठरवणारे, भेसळीला शिक्षा करणारे सरकार कलकत्ता, मुंबई आणि लंडनचे होते. खान्देशाला कोणी काही विचारत नव्हते. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी जमीनमोजणीला विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर लष्कर आले होते. आपल्या कारभारात आपल्याला बोलता यावे, ही मागणी किती खरी असते, हे या लोकांकडून शिकावे. सत्ता दूर असते तेव्हा शेतकरी कसा भरडतो, हे खान्देशाने सोसले आहे. म्हणूनच त्या मागणीचा गुलाम राखण्यासाठी झालेला वापर मला अधिक जाचतो.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. ती बातमी मुंबईत पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. शहराचे नुकसान पुस्तकांत नोंदले गेले, तेजीतले बडे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांचे नावही राहिले. खेड्यात काय राहिले? तेजीत काढलेले कर्ज, तेजीत वाढलेला खर्च आणि रोकड भरायचा सारा. पुणे-नगर भागात १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने कर्जाची कारणे शोधताना अमेरिकन युद्धातली तेजी आणि नंतरची पडझड विचारात घेतली. जळगावलाही मोठा फटका बसला, पण पेठ टिकली आणि वाढत गेली.

त्या युद्धाचा मुद्दा काय होता, हे महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे जोतीराव फुल्यांना कळले होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. राज्य की केंद्र, या वादात ते शिरले नाहीत.

एक विनंती आहे. जळगाव, धरणगाव, एरंडोल, अमळनेर, पाचोरा इथल्या जुन्या व्यापारी आणि पाटील घराण्यांत त्या काळचे रोजमेळ आणि खतावण्या अजून पोत्यांत पडून असतील. १८६१ ते १८६५ च्या वह्यांत कापसाच्या खंडीचा भाव, कर्जाचा आकडा, बैलजोडीची किंमत लिहिलेली असेल. वाळवी लागण्याआधी त्या उघडून पाहा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला दाखवा.