पादसंधिस्थिरीकरण

पायाच्या तीव्र विरूपतेत घोट्याखालील सांध्यांवरील कूर्चा काढून हाडे योग्य स्थितीत एकमेकांशी कायमची सांधण्याची शस्त्रक्रिया. बालपक्षाघात, जन्मतः वळलेले पाऊल, संधिशोथ इ. कारणांनी प्रौढपणी पाऊल ताठर व वाकडे झालेले असते. अशा वेळी रुग्ण पावलाच्या कडेवर चालतो व तेथे घट्टे आणि व्रण होतात.

इतिहास : व्हिएन्ना येथील शल्यविशारद एडुआर्ट आल्बेर्ट यांनी सु. १८८० मध्ये लुळ्या पायांचे सांधे जखडून ते भार पेलू शकतील असे केले. शिकागोचे एडविन रायरसन यांनी १९२३ मध्ये तीन सांधे एकाच वेळी जोडण्याची पद्धत मांडली. घोट्याचे हाड व टाचेचे हाड, घोट्याचे हाड व नौकाकृती हाड आणि टाचेचे हाड व घनाकृती हाड यांमधील हे सांधे होत. लोंबत्या पावलासाठी लंडनच्या लॅम्ब्रिनुडी यांनी १९२७ मध्ये तीत सुधारणा केली. हाडांची वाढ खुंटू नये म्हणून ही शस्त्रक्रिया साधारणतः बाराव्या वर्षापूर्वी टाळतात.

महाराष्ट्रात या उपचाराची गरज मुख्यतः बालपक्षाघातामुळे निर्माण झाली. मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन झाली व पुढे हाजी अली येथे तिचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. बालपणी व्यायाम व कॅलिपर आणि वाढ होत आल्यावर संधिस्थिरीकरण, असा उपचारक्रम त्या काळी सर्वत्र रूढ होता.

फलित व मर्यादा : पाऊल सपाट टेकते व वेदना कमी होतात; मात्र त्याची आडवी हालचाल कायमची जाते. त्यामुळे नांगरलेल्या शेतात वा खडकाळ उतारावर चालणे अवघड होते. घोट्याचा सांधा मोकळा राहतो, परंतु त्यावर अधिक ताण पडतो. अमेरिकेतील आयोवा येथील रुग्णांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर सरासरी ४४ वर्षांनी, सर्व घोट्यांत झीज आढळली. तरीही ९५ टक्के रुग्ण समाधानी होते.

भारतात बालपक्षाघाताच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला. आयोवाच्याच इग्नासिओ पोन्सेटी यांच्या क्रमशः प्लॅस्टर घालण्याच्या पद्धतीने जन्मतः वळलेली पावले तान्हेपणीच सरळ करता येतात. त्यामुळे ही शस्त्रक्रिया आता मुख्यतः वेळीच उपचार न मिळालेल्या व संधिशोथ झालेल्या प्रौढांसाठीचा अखेरचा उपाय म्हणून उरली आहे.