अरुंद वाट कोणाकोणाची?

मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू दोन वाटा सांगतो. रुंद वाट नाशाकडे जाते, अरुंद वाट जीवनाकडे. जॉन बनियन ही दुसरी वाट चालला, असं आपण म्हणतो. पण त्याच्यामागे घरचे होते, ते आपण विसरतो.

राजमान्य चर्चबाहेर प्रवचनं केली म्हणून १६६० मध्ये त्याला बेडफर्डजवळ अटक झाली. प्रवचन सोडतो म्हटलं असतं तर सुटका होती. त्यानं ते म्हटलं नाही आणि सुमारे १२ वर्षं तुरुंगात काढली. आत बसून तो नाड्या बनवायचा, तेवढाच घराला हातभार. बाहेर दुसरी बायको एलिझाबेथ आणि पहिलीची चार मुलं. त्यातली मेरी आंधळी. १६६१ मध्ये एलिझाबेथ नवऱ्यासाठी न्यायाधीशांपुढे उभी राहिली. प्रवचन सोडेल का, असं विचारल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं, बोलता येतंय तोवर सोडायचा नाही. सुटकेची वाट तिनंही नाकारली.

पुढे १६७८ च्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये नायक कानांत बोटं घालून बायकामुलांपासून पळतो. (मराठीत हे हरि केशवजींचं १८४१ चं ‘यात्रिकक्रमण’.) शिष्यत्व म्हणजे घर सोडणं, असं आपण त्यावरून धरून चालतो. पण १६८४ च्या दुसऱ्या भागात त्याची बायको मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते. आम्हांला वाटतं, पहिल्या भागातली उणीव बनियननं इथे भरून काढली. एलिझाबेथ मात्र त्या वाटेवर १६६१ पासूनच होती.