तात्याची घासलेली कॅसेट

१९९४च्या गणपतीत पुलगावात माझा धंदा जोरात होता. व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि रात्रीला तीन कॅसेटी. मंडळवाले दोन हिंदी पिक्चर ठरवून यायचे आणि तिसऱ्याला ‘द्या कोणताही’ म्हणायचे. त्या वर्षी तो तिसराच आधी मागू लागले : ‘झपाटलेला’.

महेश कोठारेंचा हा पिक्चर १९९३चा. मूळ कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. शिकागोत गोळी लागलेला खुनी मरता मरता मंत्र म्हणून दुकानातल्या बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला सहा वर्षांच्या पोराच्या हाती पडतो. मुडदे पडत जातात, पोराचं कोणी ऐकत नाही. पुलगावात हे कोणाला ठाऊक होतं? मलाही नव्हतं. मूळ पिक्चर मी पुष्कळ वर्षांनी सीडीवर पाहिला, तेव्हा कोठारेंची करामत कळली.

त्यांनी पोराच्या जागी लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) आणला, तोही बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. ‘बाहुला स्वतः बोलतो’ म्हणून तो कितीही ओरडला, तरी लोक म्हणणार, याचीच कला! मूळ कथेतल्या फासापेक्षा हा फास पक्का. य. के. पाध्यांच्या अर्धवटरावांमुळे बोलका बाहुला मराठी माणसाच्या ओळखीचा होताच, आणि इथला खुनी तात्या विंचू ज्यात शिरतो तो बाहुला घडवला त्यांच्याच मुलाने, रामदास पाध्यांनी. अमेरिकी बाहुला मरतो हृदयात गोळी बसल्यावर, आपला तात्या मरतो भुवयांच्या मधोमध. कुंकवाची जागा! हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या गल्लीतल्या आजीला तर बाहुल्यात माणूस शिरण्याचं नवल काहीच वाटलं नाही. “मंत्र बराबर म्हनला त्यानं, मंग चढनच ना जी!” तान्ह्या पोळ्याला आमचे पोट्टे लाकडी बैल सजवून मिरवतात, आया त्यांना ओवाळतात. आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेत तर त्यासाठी भले मोठे लाकडी नंदी निघतात. लाकडात जीव मानायची सवय इथे पाळण्यापासूनची.

ती कॅसेट दोन हंगामात घासली. व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं, ट्रॅकिंगचं बटण फिरवलं, तरी एका ठिकाणी पांढऱ्या रेघा यायच्याच. ‘मागे घ्या, मागे घ्या’ असा गलका जिथे व्हायचा, तिथली पट्टी गेली होती. मला वाटायचं, खुनाचा सीन असेल. नव्हता. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो, त्याची बोबडी वळते आणि समोरच्याला पटत नाही, ती जागा होती. लोक तिथे हसायचे, आणि हसता हसता मांडवामागच्या अंधाराकडे पाहायचे.

२०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्येच गेले होते. आता कथेत लक्ष्याचा मुलगा होता, त्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. पुतण्याला घेऊन नागपूरला पाहिला. वस्तू अंगावर आली की तो चष्म्यासकट मागे सरकायचा. बाहुल्याला मात्र भ्यायला नाही. पडदा पुढे आला, पण भीती होती तिथेच राहिली.

अमेरिकेत २०१९ साली ‘चाइल्ड्स प्ले’ नव्याने काढला. त्यांनी मंत्रच उडवला. कारखान्यातला वैतागलेला कामगार बाहुल्याच्या चिपवरची बंधनं काढतो आणि बाहुला बिघडतो. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली असतील, मला ते पटलं. खिशातला फोन आपलं बोलणं ऐकतो की काय, ही आजच्या पोरांची भीती आहे. तात्याला तिसऱ्यांदा उठवायचं असेल तर कोठारेंनी चष्मा सोडून असलं काही शोधावं.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. व्हीसीआर भंगारात गेला. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, कुठेही कोणाकडे चालू मशीन असेल तर निरोप द्या, मी कॅसेट घेऊन येतो. रेघांची जागा मलाही पुन्हा पाहायची आहे.